एकट्या ताऱ्याचे वस्तुमान

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ज्या ताऱ्याला जोडीदारच नाही त्याचे वस्तुमान तुम्ही ठरवता तरी कसे, असे बाबांनी फोनवर विचारले होते. उत्तर अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहिते.

शंका रास्त आहे. व्याधाच्या श्वेत बटू (इंधन संपून विझलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) सोबत्यात सूर्याएवढे द्रव्य आहे हे समजले, ते दोघे एकमेकांभोवती फिरतात म्हणून. एकट्या श्वेत बटूच्या बाबतीत वर्णपटावरच, म्हणजे रंगांत विभागलेल्या त्याच्या प्रकाशावरच, भिस्त ठेवावी लागते. सूर्याच्या निम्म्याहून अधिक द्रव्य पृथ्वीएवढ्या गोळ्यात कोंबलेले असल्याने पृष्ठभागावरचा दाब प्रचंड असतो आणि त्यामुळे हायड्रोजनच्या शोषणरेषा (वर्णपटातल्या काळ्या रेषा) रुंदावतात. त्या रुंदीवरून तापमान व गुरुत्वाकर्षण, आणि त्यांवरून वस्तुमान काढता येते. मात्र हे सारे गणिती प्रारूपांवर बेतलेले असल्याने दुसऱ्या वाटेने पडताळा घेतल्याखेरीज माझे समाधान होत नाही.

ती वाट तारकागुच्छात सापडते. श्वेत बटूच्या गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडताना प्रकाश ऊर्जा गमावतो आणि त्याची तरंगलांबी साधारण दहा हजारांत एक भागाने वाढते. गोम अशी की, तारा सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात असता, तरी रेषा तेवढ्याच सरकल्या असत्या. गुच्छातले तारे मात्र एकत्र प्रवास करतात. वृषभ राशीतल्या हायडीज गुच्छात (रोहिणीचा तारा त्यात दिसतो खरा, पण तो बराच अलीकडचा आहे) त्यांच्या वेगांत सेकंदाला किलोमीटरभराचाही फरक नसतो. सुमारे १५० प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ आकाशात ऐसपैस पसरलेला असल्यामुळे सामाईक वेगाचा आपल्या दृष्टिरेषेतला भाग प्रत्येक ताऱ्यासाठी निराळा काढावा लागतो. तो वजा केला की उरलेले सरकणे गुरुत्वाकर्षणाचे. त्यातून वस्तुमान आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर मिळते, आणि गाया उपग्रहाने मोजलेल्या अंतरावरून त्रिज्या काढता येते.

आईने विचारले होते की, विझण्यापूर्वी हा तारा केवढा होता. त्याचे उत्तरही गुच्छच देतो, कारण त्यातले सगळे तारे एकाच सुमारास जन्मलेले असतात. गुच्छाच्या वयातून श्वेत बटू किती काळ थंड होत आला तो काळ वजा केला की मूळ ताऱ्याचे आयुष्य कळते, आणि आयुष्यावरून त्याचे वस्तुमान. कृत्तिकांमधल्या श्वेत बटूत आज एका सूर्याएवढे द्रव्य आहे. मूळ तारा सुमारे सहा सूर्यांचा असावा. बाकीचे द्रव्य तांबड्या राक्षसी अवस्थेत (उतारवयात तारा प्रचंड फुगतो तेव्हा) वायूच्या रूपाने अवकाशात उधळले गेले.

माझा अविश्वास आहे तो या वजाबाकीवर. हायडीजचे वय सुमारे ६५ कोटी वर्षे असल्याने त्यात दोन कोटींची चूक झाली तरी खपून जाते. कृत्तिकांचे वयच १०-१२ कोटी वर्षांचे. तिथे तेवढ्याच चुकीने मूळ ताऱ्याच्या वस्तुमानात एका अख्ख्या सूर्याचा फरक पडू शकतो. किती मोठ्या ताऱ्याचा श्वेत बटू होतो आणि कुठून पुढे तारा स्फोटाने संपतो, ही सीमा नेमकी अशाच तरुण गुच्छांवरून ठरवायची असल्यामुळे, आधी गुच्छांची वये पक्की करण्यावर माझा भर आहे.

तुमची,
लेक