भूत दिसलं नाही म्हणून सिनेमा फसला?

संपादक महोदय, रविवारच्या पुरवणीत 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' या इंग्रजी भुताच्या सिनेमावरचा लेख वाचला, त्यात 'काहीच घडत नाही' म्हणून पिक्चर निकालात काढलाय ते काही पटलं नाही. दिग्दर्शक ओरेन पेलीने हा सिनेमा सॅन डिएगोतल्या स्वतःच्याच घरात, जेमतेम १५ हजार डॉलरमध्ये शूट केला आणि २००९ मध्ये तो सगळीकडे लागला तेव्हा कमाई १९ कोटी डॉलरच्या वर गेली. अर्थात कमाई म्हणजे दर्जा नव्हे, आणि सिनेमातल्या जोडप्याच्या मधल्या नवरा-बायकोसारख्या भांडणांचा कंटाळा मलाही आला, पण पैसे नव्हते म्हणूनच तर कॅमेरा पलंगासमोर नुसता ठेवून दिलाय, कोपऱ्यात घड्याळ पळतंय, दार इंचभर हलतं आणि आपण श्वास रोखून बसतो! हा पिक्चर विरार फास्टमध्ये मोबाईलवर, शेजारचा भजन म्हणत असताना बघितला तर काय भीती वाटणार, डोंबल? मी रात्री एक वाजता आमच्या चाळीतल्या खोलीत एकट्याने बघितला, नंतर गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायला भावाला उठवावं लागलं, त्याने घातलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई