नातवाच्या निमित्ताने

पुणे, रविवार

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. नातवाला एका पक्षाने युवक आघाडीचं तालुकाध्यक्षपद देऊ केलंय आणि तू विचारतोस, जाऊ देऊ का? तीन दिवस तेच डोक्यात घोळतंय. आपण दोघंही राष्ट्र सेवादलाच्या शाखेत वाढलो, त्यामुळे 'हो' किंवा 'नको' एवढं लिहून पाकीट बंद करणं मला जमेना.

नगरपालिकेच्या निवडणुकीतली ती संध्याकाळ तुला आठवते? मैदानावर आपली लेझीम चालली होती. एका उमेदवाराची माणसं जीप घेऊन आली आणि मिरवणुकीपुढे नाचवायला पोरं मागू लागली. शाखानायक म्हणाले, "ही मुलं इथे खेळायला आलीत. प्रचाराला मी येतो, ती येणार नाहीत." आणि खरोखरच रात्री ते सायकलवर कंदील टांगून त्याच उमेदवारासाठी वाड्यावस्त्यांवर फिरले. त्या वयात मला यातलं काही उमगलं नव्हतं. आज वाटतं, आपल्याला मिळालेलं राजकारणाचं सगळ्यात चांगलं शिक्षण ते हेच.

सेवादल काही पक्षापासून लांब, सोवळ्यात जन्मलं नव्हतं. ४ जून १९४१ ला पुण्यात एसेम (एस. एम. जोशी) दलप्रमुख झाले तेव्हा ते आणि त्यांचे सोबती काँग्रेसमधलेच समाजवादी होते. बेचाळीसमध्ये एसेम मौलवीच्या वेशात भूमिगत हिंडत होते आणि शाखांमधली पोरं चळवळीत उतरली होती. देश पारतंत्र्यात होता, तेव्हा काँग्रेसचं काम आणि देशाचं काम वेगळं काढायचं कुणाच्या मनातही आलं नसेल. खरा पेच स्वातंत्र्यानंतरचा. मार्च १९४८ मध्ये नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडायचं ठरवलं. सेवादल मात्र कुठल्याच पक्षाची शाखा झालं नाही, स्वतंत्र राहिलं. माणसं अर्थातच समाजवाद्यांच्या जवळची होती, ते कुणी लपवलंही नाही.

आणि त्या जवळिकीची किंमत पडलीच रे. १९६४ मध्ये प्रजासमाजवादी आणि समाजवादी एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला आणि वर्षभरात पुन्हा फुटला. एसेम एका पक्षात, नानासाहेब गोरे दुसऱ्यात. सेवादल उभं करणारे, जन्माचे मित्र! ती बातमी ऐकून माझे वडील जेवले नव्हते. वरचं घर दुभंगलं की खालच्या मैदानावरची माणसंही एकमेकांशी जपून बोलू लागतात, हे मी पाहिलंय.

दुसऱ्या बाजूचंही पाहा. १९४९ मध्ये संघावरची बंदी उठली ती संघटनेने लेखी घटना करून राजकारणापासून दूर राहायचं मान्य केल्यावर. १९५१ मध्ये श्यामाप्रसाद मुखर्जींनी जनसंघ काढला, तेव्हा दीनदयाळ उपाध्यायांसारखे प्रचारक संघानेच दिले. पुढे जनता पक्षात आलेल्या जनसंघाच्या माणसांनी संघातही राहावं का, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न समाजवादी मधू लिमयांनी धसाला लावला आणि १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार कोसळलं. मधू लिमयांचा प्रश्न मला आजही योग्य वाटतो: माणसाची निष्ठा दोन ठिकाणी असेल, तर अडचणीच्या दिवशी तो कुणाचं ऐकणार? पण मग हाच प्रश्न आपल्याही माणसांना विचारायला हवा होता. सेवादल सैनिक आणि पक्षाचा कार्यकर्ता एकाच अंगरख्यात होते, तेव्हा आपण तो फारसा विचारला नाही. याची मला खंत आहे.

नातवाला अडवू नकोस. विशीतल्या मुलाला देशासाठी काही करावंसं वाटतंय, ही मोठी गोष्ट आहे आणि पक्ष वाईटच असतात असं मी कधी मानलं नाही. फक्त त्याला विचार, की निवडणूक नसलेल्या वर्षात ही आघाडी काय करते? शिबिराचा खर्च कोण उचलतं? साहेबांचा वाढदिवस सोडून गेल्या वर्षी त्यांनी कुठला कार्यक्रम स्वतः ठरवला? आणि जीप आली तर 'नाही' म्हणायची मुभा त्याला आहे का? उत्तरं त्यालाच शोधू दे, आपण पढवायची नाहीत.

दिवाळीत त्याला माझ्याकडे आठ दिवस पाठव. शाखानायकांची ती शिट्टी अजून माझ्याकडे आहे. त्याला ती संध्याकाळ मलाच सांगायची आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं, ते कळव.

तुझा,
अण्णा