अनुदान थांबवता, मग कारणही लेखी द्या

मा. संपादक,
स. न.

दिव्यांगांचे मासिक अनुदान १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. वाढ हवीच होती. दिव्यांगांना इतर लाभार्थ्यांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत द्यावी, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच म्हटले आहे. तरी हे अनुदान ज्या संजय गांधी निराधार योजनेतून मिळते, तिच्यात दिव्यांगांनाही इतरांइतकेच १५०० रुपये मिळत होते. त्यामुळे निर्णयाचे स्वागतच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मिळणारे पैसे एक दिवस बंद होतात आणि का बंद झाले ते लाभार्थ्याला कोणीही सांगत नाही.

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. वय तिशीच्या पुढे, बोलता येत नाही, हातपाय आखडलेले. त्याचे सगळे आमची आई करते. त्याचे अनुदान अनेक वर्षे तहसीलमधून बँकेत यायचे. उशीर व्हायचा, दोन-तीन महिन्यांचे एकदम पडायचे, पण यायचे. मग शासनाने हे पैसे डीबीटीने, म्हणजे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट, द्यायचे ठरवले. हेतू चांगला होता, याद्यांचा आणि धनादेशांचा घोळ त्यातून संपणार होता. आमच्या घरी मात्र पैसेच बंद झाले.

तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) विभागात विचारले तर उत्तर मिळाले, "आमच्याकडून गेलेत, बँकेत बघा." बँकेत गेलो तर, "इकडं काही आलं नाही, तहसीलला विचारा." दोन्ही टेबलांवरची माणसे आपापल्या परीने खरेच बोलत होती. पैसे निघाले होते, फक्त आमच्या खात्यात आले नव्हते. डीबीटीचे पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडले गेले, त्या बँकेत जातात. गावात मध्यंतरी शून्य रकमेची खाती उघडण्याचे शिबिर झाले, त्यात भावाचेही खाते उघडले गेले होते. हप्ते तिकडे साचत होते. त्या खात्याचे ना पासबुक हातात, ना कार्ड. ही एवढी गोष्ट आम्हाला कोणत्याही कार्यालयाने सांगितली नाही. ती कळली तहसीलबाहेरच्या टपरीवर बसणाऱ्या माणसाकडून, आणि सांगायचे त्याने पैसे घेतले. जी माहिती एजंटाच्या मोबाइलवर दिसते ती लाभार्थ्याला का दिसू नये?

पुढे ते पैसे काढायचे तर अंगठा लागतो. भावाची मूठ उघडत नाही. आई एकेक बोट धरून सरळ करते आणि अंगठा काचेवर टेकवेपर्यंत बाकीची बोटे पुन्हा मिटतात. डोळ्यांवर यंत्र धरले तर मान स्थिर राहत नाही. पैसे काढून देणाऱ्या केंद्रावरचा मुलगा भला होता, गर्दी थांबवून त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "काकू, मशीन घेतच नाही." ज्यांना ठसे देता येत नाहीत त्यांना ठशांशिवाय आधार काढण्याची सोय नियमात आहे. पण पैसे देणाऱ्या मशीनपुढे ती सोय चालली नाही. आणि अशा प्रत्येक खेपेला त्याला न्यायचे कसे? एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण त्याला एसटीची पायरी चढता येत नाही. जीप करावी लागते आणि तिचे भाडे महिन्याच्या अनुदानाला जाऊन भिडते.

आता हयातीच्या दाखल्याचे बघा. लाभार्थी जिवंत आहे हे दाखवणारा हा दाखला दरवर्षी पहिल्या तीन महिन्यांत द्यायचा असतो, नाही तर अनुदान थांबते. बीड, धाराशिव, जालन्याच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढे-मागे परततात. घरातल्या अपंग माणसाला एक तर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, सोबत नेतात, नाही तर म्हाताऱ्या आजीजवळ ठेवून जातात. म्हणजे जानेवारी ते मार्च त्याला तालुक्याला न्यायला घरात धडधाकट माणूसच नसतो. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्याला एका दाखल्यासाठी फडावरून गावी येता येत नाही, खाड्याचे म्हणजे गैरहजर दिवसांचे पैसे कापले जातात. पाडव्याला परत येऊन बघावे तर अनुदान बंद. मराठवाड्यातली कितीतरी गावे या महिन्यांत अर्धी रिकामी असतात हे मुंबईत कोणाला माहीत नाही, असे नाही.

उत्पन्नाच्या अटीबद्दलही लिहायला हवे. दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. म्हणजे घरातल्या एकट्या माणसाला वर्षात १६१ दिवस काम मिळाले की ते घर अपात्र. काम करणाऱ्या भावाने, बापाने घरी बसावे असे शासनाला वाटते का? ही अट गरिबाला खोटा दाखला काढायला लावते, आणि मग त्याच दाखल्यावरून त्याला कधीही अडवता येते. इतर निराधारांसाठी तर मर्यादा २१ हजारच आहे. त्याविषयी काय बोलावे?

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, याचा आम्हाला अभिमान वाटला होता. त्या विभागाने एवढे करावे. शेताचा फेरफार करायचा असला तरी तलाठी आधी नोटीस काढतो आणि हरकतीला १५ दिवस देतो. मग दिव्यांगाचे अनुदान थांबवण्याआधी एक कागद घरी का येऊ नये? कोणत्या कारणाने थांबले, काय द्यायचे, कोणाकडे द्यायचे, एवढे त्यावर मराठीत लिहिलेले असावे. कारण दूर झाले की मधल्या महिन्यांची थकबाकी अर्ज न करता मिळावी. आज ती मागितली तर पुन्हा नवा अर्ज करायला सांगतात.

जे अंथरुणावर आहेत त्यांची पडताळणी घरी येऊन करावी. हे जमत नाही, असे कृपया सांगू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. मतपत्रिका घेऊन कर्मचारी, पोलीस आणि कॅमेरावाला असे सगळे पथक वाडी-वस्तीवर, तांड्यांवर गेले. मतासाठी जे घर सापडते ते हयातीच्या दाखल्यासाठीही सापडेल. कोणाच्या घरात कोण आजारी आहे हे गावातल्या आशाताईंना आणि कोतवालाला तोंडपाठ असते.

आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी आपापल्या तहसीलमध्ये दोनच गोष्टी विचारून छापाव्यात, ही विनंती. या तालुक्यात सध्या किती दिव्यांगांचे अनुदान थांबले आहे, आणि त्यांपैकी किती जणांना कारण लेखी कळवले आहे?

भावाचे प्रकरण अजून त्याच कार्यालयात असल्यामुळे माझे नाव छापू नये.

आपला,
बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एक वाचक