सप्त्याला येणारं गाव ग्रामसभेला का येत नाही?

मा. संपादक,

निवडणूक जवळ आली की टीव्हीवर आणि पेपरात एकच हिशोब चालू होतो, कोणत्या समाजाची किती मतं, कोणता धर्म कोणाच्या मागे. आणि त्यावर शिकलेल्या लोकांचं ठरलेलं उत्तर की जात आणि धर्म राजकारणातून काढून टाका. धर्माच्या नावावर मतं मागू नयेत हे बरोबरच आहे, त्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 आहे, आणि सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीवरून चाललेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2 जानेवारी 2017 ला 4 विरुद्ध 3 ने सांगितलंय की उमेदवाराचाच काय, मतदाराचा धर्म, जात, भाषा पुढे करून मत मागितलं तरी निवडणूक रद्द होऊ शकते. पण कोर्ट भाषण थांबवेल, भावकी कशी थांबवणार? आमच्याकडे ग्रामपंचायतीला पॅनल पडतं तेच मुळी भावकी बघून. माझं म्हणणं वेगळंच आहे. माणूस जातीच्या, धर्माच्या नावाने एकत्र येतो यात वाईट काही नाही, वाईट हे आहे की तो तिथेच थांबतो, सभेत येऊन बसत नाही.

आमच्या गावात हरिनाम सप्ता असतो. सात दिवस पंगती, वर्गणीची पावती प्रत्येकाला, कोण किती दिलं ते नावासकट देवळाच्या भिंतीवर, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर जमाखर्च वाचून दाखवतात, शंभर रुपयाचा फरक निघाला तरी म्हातारी माणसं उठून विचारतात. हीच माणसं 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला की घराकडे. त्यानंतरच्या ग्रामसभेला उरतात सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि दहा बारा जण. कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागतो 15 टक्के मतदार किंवा 100 यातला जो कमी असेल तो, तेवढा होत नाही, म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कायद्याने कोरमच लागत नाही! मग ती कधी झाली ते गावाला कळतसुद्धा नाही, रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, गटाराच्या कामापासून लाभार्थी यादीपर्यंत सगळं मंजूर. वित्त आयोगाचे पैसे बंधित (म्हणजे ठरलेल्या कामावरच खर्चायचे) किती, अबंधित (म्हणजे गावाने ठरवायचे) किती, बंधितातले पिण्याच्या पाण्यावर आणि स्वच्छतेवर खर्च झाले का, हे विचारणारा एक नाही. सामान्य सभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, ती तर कित्येक गावात फक्त कागदावर होते, आणि खुर्चीवर बाई निवडून आलेल्या असल्या तरी बोलतात त्यांचे मिस्टर.

मग निवडणुकीत आपला माणूस म्हणून मत मागितलं की आम्ही देतो. देणारच ना, कारण त्याचं काम मोजायला आमच्याकडे दुसरं मापच नाही, पाच वर्षात एकदाही सभेत बसलो नाही तर त्याने काय केलं काय नाही हे आम्हाला कळणार कुठून.

ओळख आणि नागरिकाचं काम हातात हात घालून चालू शकतं हे महाराष्ट्रानेच दाखवलंय. गडचिरोलीतलं मेंढा लेखा हे गोंड आदिवासींचं गाव घ्या. स्वतःचं गोटूल (तरुण पोरापोरींनी जमायचं घर), स्वतःच्या रीती त्यांनी सोडल्या नाहीत, उलट त्या जोरावरच "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत उभे राहिले, ग्रामसभेत निर्णय मतदानाने नाही तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून घेतले, आणि 2009 ला 1,800 हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पुढे 2011 ला बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारसुद्धा ग्रामसभेकडे आला. गाडगेबाबा तर कीर्तनाच्या आधी गाव झाडायचे, आणि 2000 साली आर. आर. पाटलांनी त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा सरकारी आदेशाने न हलणारी माणसं खराटा घेऊन बाहेर आली, हे मी डोळ्याने पाहिलंय.

आणि महाड. नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव 1924 ला केला होता, पण तो कागदावरच राहिला, 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं प्रत्यक्ष तळ्यावर गेली तेव्हा कुठे त्याला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने दबावाखाली ठराव मागे घेतला आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. मला हे वाचून दर वेळी वाटतं की ठराव करणारे आणि मोडणारे दोघं सभागृहातच बसलेले असतात, ज्यांचं पाणी आहे ते बाहेर राहिले तर त्यांच्या हक्काचं काहीही होऊ शकतं.

शहरात तर आणखी कठीण. मार्च 2022 ला मुंबई पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, लोकांनी आवाज काढला म्हणावा तर फार नाही. 2009 ला कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांनी आपल्या भागातली कामं ठरवायची. पुण्यातल्या माझ्या नातेवाइकांपैकी एकालाही हा शब्द माहीत नाही, गणपती मंडळाचे कार्यकर्ते मात्र प्रत्येक घरात आहेत.

म्हणून सरकारकडे मागणी आहे की तहकूब ग्रामसभेलाही किमान उपस्थिती सक्तीची करा, सह्यांचं रजिस्टर सभेच्या जागेबाहेर नेता येणार नाही असा नियम करा, शहरात क्षेत्रसभा खरोखर घ्या. आणि देवस्थानं, मंडळं, जयंती समित्या, मशिदीच्या कमिट्या या सगळ्यांना हात जोडून विनंती, माणसं जमवायची ताकद तुमच्याकडे आहे, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी तुमच्या स्पीकरवरून फक्त वेळ आणि ठिकाण सांगा.

- एक ग्रामपंचायत मतदार, सातारा जिल्हा