सर, आमची चुरस तुम्ही मोडली नाहीत

प्रिय सर,

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते बॅलेच्या भर वर्गात, सगळ्यांदेखत केलंत. मग आभारही चारचौघांत मानावेत असं आम्हा दोघांना वाटलं. लिहितोय मी, पण माझ्या जोडीदाराने सगळं वाचलं आहे. नावं नकोत एवढंच त्याचं म्हणणं होतं, ते पाळतो.

तुम्हाला आठवत असेल, आम्ही पहिल्यापासूनच एकमेकांच्या वाटेत होतो. उंची तीच, उडी तीच, त्यामुळे डोळा असायचा त्या भूमिकाही त्याच. बॅलेत पुरुषाच्या वाट्याला मुख्य भूमिका मुळातच मोजक्या, आणि एका प्रयोगाला आल्ब्रेख्ट, म्हणजे 'जिझेल' या बॅलेचा नायक, एकच असतो. बारपाशी, म्हणजे सरावाच्या दांडीपाशी, तो माझ्यापुढे उभा राहिला की माझी नजर त्याच्या पावलांवरून हलायची नाही. तो कधी आला नाही तर सुटल्यासारखं वाटायचं, आणि वर्ग मात्र अळणी जायचा. असं का होतंय ते मला उमगत नव्हतं. तुम्हाला बहुधा उमगलं होतं.

मग तुम्ही तो नियम काढलात. एकाने डबल टूर, म्हणजे एका उडीत हवेत दोन गिरक्या, मारायची, दुसऱ्याने नुसतं बघायचं आणि एकच दुरुस्ती सांगायची. एकच, आणि ती खरी हवी. तेव्हा माझं उतरणं उजवीकडे कलत होतं. हवेत दोन गिरक्या पुऱ्या व्हायच्या, पण फिफ्थमध्ये, म्हणजे एका पावलापुढे दुसरं चिकटवून, पाय मिटताना मागची टाच उशिरा टेकायची आणि ते झाकायला हात आधीच उघडायचे. खांदा, पाठ, डोकं, सगळ्यांनी सगळं सांगून झालं होतं. त्याने एकदा बघितलं, पुन्हा मारायला लावली आणि म्हणाला, "तू उडायच्या आधी श्वास रोखतोस. पायांचं काही नाही." मी श्वास सोडत उडालो. टाच वेळेवर टेकली. माझा श्वास कुठे अडतो इथपर्यंत याचं लक्ष आहे, हे कळल्यावर त्या दिवशी मला त्याच्याकडे वर बघवेना.

लोकांना वाटतं, आधी वैर होतं, मग ते विरलं आणि प्रेम सुरू झालं. आमचं असं काही झालं नाही. ज्या नजरेने आम्ही एकमेकांची प्रत्येक उडी तोलत होतो, त्याच नजरेने जीव जडला. ती चुरस काढून घेतली असती तर प्रेमही टिकलं नसतं, असं मला आजही मनापासून वाटतं. पण हे कळणारी माणसं फार थोडी. हितचिंतक म्हणवणाऱ्या सगळ्यांचा सल्ला एकच होता, दोघांपैकी एकाने माघार घ्या. कार्यक्रमाची सूत्रं ज्यांच्या हाती होती त्यांच्यापैकी एकाने तर आमच्या बॅच वेगळ्या करायला सांगितल्या. दारातून ऐकलेलं तुमचं उत्तर मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "जो कमी पडेल त्याला मी काढीन. आत्ता दोघांतला कुणीच कमी पडत नाही." दुसऱ्या दिवशी आमचा बार त्याच भिंतीशी होता.

आणि मग ती संध्याकाळ. रिहर्सल संपली होती, आम्ही जमिनीवर बसून पायाच्या पट्ट्या सोडत होतो आणि तुम्ही आपणहून एरिक ब्रून आणि रुडॉल्फ नुरेयेव या दोन बॅले नर्तकांची गोष्ट काढलीत. १९६१ च्या जूनमध्ये नुरेयेवने पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर सोव्हिएत पहारेकऱ्यांच्या हातून निसटून आश्रय मागितला. त्याच वर्षी तो बॅले शिक्षिका व्हेरा व्होल्कोव्हा यांच्याकडे शिकायला कोपनहेगनला गेला आणि तिथे त्याची ब्रूनशी गाठ पडली. ब्रून जवळपास दहा वर्षांनी मोठा, रेखीव, संयत, एक पाऊल इकडचं तिकडे न होणारा. नुरेयेव म्हणजे नुसती आग. दोघांची तुलना तेव्हाही होत होती, अजूनही होते. आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे तुम्ही काहीही आडपडदा न ठेवता, इतर तारखा सांगाव्यात तितक्या सहज सांगितलंत. नुरेयेव ज्या देशातून निघून आला तिथे अशा नात्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. १९६२ साली लंडनमध्ये तो बॅलेरिना मार्गो फॉन्टेनबरोबर 'जिझेल' नाचला तेव्हा तिथेही तो गुन्हाच होता. इंग्लंडमधला कायदा बदलायला १९६७ साल उजाडलं.

त्यातलं मला सगळ्यात लागलं ते जानेवारी १९६२ चं. अमेरिकन टीव्हीवर ब्रून नाचणार होता, त्याला दुखापत झाली आणि त्याच्या जागी नुरेयेव उभा राहिला. बॅलेरिना मारिया टॉलचीफबरोबर, 'फ्लॉवर फेस्टिव्हल इन जेन्झानो'मधलं युगुलनृत्य. म्हणजे डॅनिश नृत्यरचनाकार बूर्ननव्हिलचं काम, ज्या डॅनिश घराण्यात ब्रून लहानाचा मोठा झाला त्याचंच. तुम्ही आम्हाला विचारलंत, "आपल्या माणसाच्या जागी, त्याच्याच घराण्याचं नाचायचं, आणि तेही चांगलं नाचायचं. कसं वाटलं असेल?" आम्ही दोघंही गप्प. पण त्या प्रश्नाने आम्हाला पहिल्यांदा कुणाच्या तरी रांगेत बसवलं. आमच्याआधी कुणी असं जगलं होतं. त्यांचा संसार एकत्र टिकला नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. १९८६ साली टोरांटोमध्ये ब्रून शेवटच्या आजारात होता तेव्हा नुरेयेव त्याला भेटायला गेला, हे सांगताना मात्र तुम्ही थोडे थांबलात.

'जिझेल'चं कास्टिंग लागलं त्या दिवसाचेही आभार मानायचे आहेत. पहिल्या प्रयोगाला आल्ब्रेख्ट तो, मी हिलारियन, म्हणजे जिझेलवर जीव असलेला दुसरा. दुसऱ्याला उलट. पहिला प्रयोग आपला नाही हे मला फार झोंबलं. तुम्ही समजूत घालायला आला नाहीत. मला कुरवाळलं असतंत तर त्याचा आनंद उणा झाला असता आणि माझी ईर्ष्या खोटी ठरली असती.

दुसऱ्या अंकात विली, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं, हिलारियनला लवकरच संपवतात, त्यामुळे पुढचं सगळं मी विंगेतून बघत होतो. विलींची राणी मिर्था हिच्या हुकमाने आल्ब्रेख्टला मरेपर्यंत नाचायचं असतं, पहाट झाली तरच सुटका. तिथे काहीजण जागच्या जागी एंट्रशा सिस, म्हणजे सरळ उडीत पावलांची झरझर अदलाबदल, घेतात, काहीजण तिच्या दिशेने तिरके ब्रिझे, म्हणजे पुढे सरकत पायाला पाय लावणाऱ्या छोट्या उड्या, घेत जातात. त्याने ब्रिझे निवडले होते. पहिली ओळ स्वच्छ गेली. दुसऱ्या ओळीत त्याची मान किंचित ताठली आणि दम तुटत आलाय हे मला कळलं, प्रेक्षकांत कुणालाही कळलं नसेल. तो पार होईपर्यंत माझ्या मुठी आवळलेल्या होत्या. आणि सर, त्याच क्षणी मनात हेही चाललं होतं, की उद्या माझे एंट्रशा याच्या वरचढ झाले पाहिजेत. दोन्ही भावना तितक्याच जोरदार होत्या आणि एकीलाही दुसरीची लाज वाटली नाही. हे तुमच्यामुळे.

दुसऱ्या रात्री प्रयोग संपल्यावर मेकअपच्या आरशासमोर त्याने मला एकच दुरुस्ती सांगितली, चौथ्या एंट्रशापासून हनुवटी वर जाते अशी. मग मिठी मारली. क्रम हाच होता, आणि मला तोच हवा होता.

आता आम्ही एकाच कंपनीत आहोत, एकाच घरात राहतो. तुमचा नियम घरातही चालतो, एकच दुरुस्ती आणि ती खरी. नव्या हंगामात 'स्वान लेक' आहे. त्यातल्या नायकाच्या, सीगफ्रीडच्या भूमिकेसाठी दोघांनीही ऑडिशन दिली आहे, निकाल यायचाय. यादीत नाव कुणाचंही असो, पहिला फोन तुम्हाला येईल. तो बहुतेक दुसऱ्याचा असेल.

तुमचा,
उडायच्या आधी श्वास सोडणारा