‘मेड इन’ची चिठ्ठी अर्धीच

महोदय,

मिरजेत तेवीस वर्षे मी कॅमेरे दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण निकॉनचा जुना डी ७००० घेऊन आला. तळाशी ‘मेड इन थायलंड’ वाचून त्याची समजूत झाली, की आपल्याला दुय्यम माल विकला. दुकानदारानेही तसेच सांगितले होते म्हणे! मला वाईट वाटले, कारण कॅमेरा उत्तम होता. हे मॉडेल थायलंडमधल्या अयुथया इथल्या कारखान्यातच बनत असे. २०११च्या पुरात तो कारखाना बुडाला, तेव्हा जगभर या कॅमेऱ्यांची टंचाई झाली होती.

ती चिठ्ठी साधारणपणे एवढेच सांगते, की शेवटची महत्त्वाची जोडणी कुठे झाली. आराखडा कोणाचा, सेन्सर (प्रकाश टिपून चित्र बनवणारा भाग) कुठला, भिंगे कुठे घासली, यातले काहीच त्यावर नसते. एप्रिल २०१६मध्ये जपानच्या कुमामोतोत भूकंप झाला आणि सोनीचा सेन्सरचा कारखाना थांबला. त्याची झळ इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनाही बसली. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीचे बरेचसे काम १९७०च्या दशकापासून पोर्तुगालमध्ये होते, हे तर जर्मन नावासाठी लाखो रुपये मोजणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

आपल्याकडे आयात मालावर मूळ देश छापणे सक्तीचे आहे, ते योग्यच आहे. पण त्यासोबत सेन्सर आणि भिंग कुठले, हेही खोक्यावर छापायला लावावे, अशी ग्राहक व्यवहार मंत्रालयाला माझी विनंती आहे.

– एक कॅमेरा कारागीर, मिरज