बाय, तुझ्या हातावरचा तो लाल गोल

सप्रेम नमस्कार.

डॉक्टर म्हणायला हवं, पण माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून बायच म्हणतो. यंदा चवथीला गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी मीच बांधली. हात वर करून. आरतीला मातीच्या मडक्याचं घुमटही वाजवलं, डाव्या हाताने त्याचं तोंड झाकत-उघडत. गेल्या वर्षी पुतण्याच्या हातात घुमट देऊन मी कोपऱ्यात बसलो होतो.

खांद्यापासून मानेपर्यंत नुसतं आखडलेलं. तुझ्याआधी तीन ठिकाणी गेलो. एकाने कागदावरून मानही वर न करता ‘वयाचं दुखणं’ म्हटलं. दुसरीकडे खांद्याला हात लावण्याआधीच दहा खेपांचे पैसे भरून घेतले. नेमकं कुठे दुखतं, हे तिघांपैकी कुणीच बोट ठेवून विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुझ्याकडचे पाठीला लावायचे कप बघून मी उठायलाच निघालो होतो. आजीकडून तुंबडी ऐकलेली, म्हणजे आता रक्त काढणार हीच समजूत. तू मला भित्रा म्हणून हसली नाहीस. बाही वर सारलीस, आपल्याच हातावर कप ठेवलास आणि पंपाने हवा ओढलीस. कातडी आत फुगून आली. “काका, मालिशीत दाबतो, यात वर ओढतो. ब्लेड नाही, रक्त नाही.” मग कप काढून तो लाल गोल माझ्यापुढे धरलास. “बोट लावून बघा.”

बाहेर माणसं खोळंबली होती, बाय. तरी तू मी बोट लावेपर्यंत हात तसाच धरून थांबलीस.

पुढच्या खेपेला तो गोल फिकट होऊन तुझ्या हातावर होताच. माझ्या पाठीवर तसेच सात. तो बघून मला काय वाटलं, ते तेव्हा बोलता आलं नाही.

खोटी आशाही लावली नाहीस. साखर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, आधी विचारलंस. “याचा आराम थोड्या दिवसांचा, व्यायाम तुम्हालाच करायचाय,” हे तोंडावर सांगितलंस. दुखणाऱ्या माणसाशी इतकं सरळ बोलणारी माणसं मला फार भेटली नाहीत. हे वळण घरातलंच असणार. तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग.

भिंतीकडचा व्यायाम रोज करतो. माटोळीतला एक नारळ तुझ्यासाठी काढून ठेवलाय, सोमवारी घेऊन येतो.

तुझा घुमटवाला काका